आठवं कडवं

लिहिण्याची मला सवय नाही. मराठी चौथी झालो, त्या वर्षी वडील गेले आणि दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतील, त्याबद्दल वाचणाऱ्यांनी आधीच माफी करावी. सजवून लिहिणंही मला येत नाही. चार माणसांत बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून आकारामतात्यांनी जे सांगितलं ते आठवेल तसं कागदावर उतरवतो आहे.

यंदा, म्हणजे सन १९४७ च्या माघात, आम्ही चार-पाच पोरं तात्यांच्या मळ्यात हळद शिजवायला होतो. मोठी काहील चुलाणावर, हळदीवर पाला, पाल्यावर ओलं गोणपाट. जाळ रात्रभर सारखा ठेवावा लागतो, म्हणून झोप नाही. नाथाजी एक पद म्हणत होता. पापी माणसाचं मेल्यावर काय होतं, त्याचं. मधेच थांबून तो म्हणाला, "आता ह्या ओळीचा अर्थ ऐका. खोटं बोलणाऱ्याला तिकडं अशाच काहिलीत घालत्यात. वर पाला, वर गोणपाट. आमचा मामा तर पहिल्याच घाण्याला!"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी एक लाकूड जाळात सारलं.

"नाथ्या, ह्यो अर्थ गाण्यात हाय का तुझ्या तोंडात हाय रं?"

"गाण्यातच की, तात्या."

"बरं." तात्यांनी घोंगडं खांद्यावर ओढून घेतलं. "कोंडीबा ठावं हाय न्हवं तुमास्नी? आपल्या गावचा. औंदा दिवाळीत गेला. त्याच्या फडात मी डफ वाजवत व्हतो. त्यानं मला जे सांगितलं ते सांगतो. मधी कुनी बोलू नका."



*

सन १९४५, एक मे, मंगळवार. त्या दिवशी कोंडीबा सकाळच्या गाडीनं सांगलीला गेला. डफाला नवं कातडं घालून आणतो, असं बायकोला सांगून गेला. डफ बरोबर होताही. पण सांगलीत उतरल्यावर तो आधी हळदपेठेत गेला, जयपालअण्णांच्या दुकानी.

कोंडीबा गाणारा होता. सवालजवाबाचं गाणं. एका फडानं पदातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते पदातूनच सोडवायचं. पण त्याचं खरं नाव होतं ते अर्थ सांगण्यात. पद कुणीही म्हणावं, अर्थ कोंडीबानं सांगावा. एकेक ओळ अशी उलगडायचा की बायाबापड्या डोळ्याला पदर लावत. हे सगळं त्याला वस्तादानं दिलं होतं. वस्ताद वारला तेव्हा त्याचं पदांचं बाड जयपालअण्णांच्या वडिलांकडं ठेवायला दिलेलं होतं. दोघांचा जुना स्नेह. कोंडीबानं ते बाड कधी मागितलं नव्हतं. त्याला सगळी पदं तोंडपाठ होती.

एक कडवं सोडून.

"हात धुऊन ये," जयपालअण्णा म्हणाले. त्यांनी फडताळातून तांबड्या फडक्यात बांधलेलं बाड काढलं. "बाबांच्या माघारी आज पहिल्यांदाच सोडतोय. कुठलं पद बघतोस?"

"सात मुक्कामांचं."

पान निघालं. वस्तादाचं वळणदार मोडी अक्षर. मेलेल्या जिवाची वाट, वाटेवर सात मुक्काम, दर मुक्कामाला एका पापाची झडती. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं... सातवं. सातव्याच्या खाली आठाचा आकडा होता. आकड्यापुढं काही नव्हतं. पान उलटलं. मागंही कोरं.

"हितलं पान कुनी फाडलं का, अण्णा?"

"फाडतंय कोण, गड्या? शिवण बघ की. जशीच्या तशी हाय." अण्णा हसले. "आमचे बाबा वस्तादांना नेहमी विचारायचे, की ते आठवं एकदा म्हणा. वस्ताद मिशांत हसायचे. म्हणायचे, कोऱ्या पानाला कोण हरवणार?"

कोंडीबा हसला नाही. तो त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिला. अण्णांनी गुळाचा चहा मागवला, तो तसाच निवला.

*

हे आठवं कडवं त्याला का पाहिजे होतं, ते सांगायचं तर वर्ष-सव्वा वर्ष मागं जावं लागतं.

फडाची एक रीत आहे. पदाचं शेवटचं कडवं राखून ठेवायचं. त्यात कोड्याची उकल असते. समोरच्या फडाला ते उकललं नाही, की पुढच्या जत्रेपर्यंत ते त्यांच्या उरावर. सात मुक्कामांच्या पदाचं आठवं कडवं वस्तादानं जन्मभर राखलं आणि जाताना कोंडीबालाही दिलं नाही. कोंडीबानंही मग ते राखलं. त्याच्याजवळ ते नाहीच, हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

सन चव्वेचाळीसच्या माघात खालच्या वाडीला लालासाहेबांचा मुलगा वारला. जोतीराम. बावीस वर्षांचा. पलटणीतून रजेवर आला तो मुदतीचा ताप घेऊनच आला, आणि चौदाव्या दिवशी गेला. बाराव्याच्या रात्री भजनाला म्हणून कोंडीबाच्या मंडळींना बोलावणं आलं. दुखवट्याच्या घरी भजन म्हणायचं ते जिवाला वाट सापडावी म्हणून आणि मागं राहिलेल्यांची रात्र सरावी म्हणून. तिथं फड नसतो. पण त्या रात्री ओट्यावर पाहुण्यांत दुसऱ्या फडातले दोन गाणारे बसलेले कोंडीबाला दिसले, आणि त्याचं रक्त उसळलं. त्यानं सात मुक्कामांचं पद काढलं.

सातव्या कडव्याला आला.

*सातव्या मुक्कामी नदी आडवी, पाणी चमके दुरून,*
*तहानेल्याला ना दिला घोट, तो उभा काठ धरून.*

तुणतुणं थांबलं. कोंडीबानं अर्थ सांगायला घेतला. त्या गाणाऱ्यांकडं बघून सांगायला घेतला.

"मंडळी, ज्यानं तहानेल्याला पाणी नाकारलं, त्याला त्या काठावर उभं करत्यात. पाणी दिसतं. पण वंजळीत येत न्हाई. हात घातला की मागं सरतं. मग तहानेला वैरी असो, वाटसरू असो, का पोटचा असो. कुणाच्या सांगण्यावरनं नाकारलं, का नाकारलं, तिथं कुणी इचारत न्हाई. यमाच्या दारी कारणं चालत न्हाईत!"

अंगणात टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी शांतता पसरली. कोंडीबाला ती दाद वाटली.

मग घरातून, दाराआडून, बाईचा आवाज आला. पुरुषांच्या बैठकीत बायका बोलत नसत, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

"दादा, फुडच्या कडव्यात सुटका आसंल न्हवं? तेवढं म्हना की."

ती राहीबाई. जोतीरामाची आई.

आणि कोंडीबा... फडाच्या तोऱ्यातच होता तो. हसून म्हणाला, "आक्का, आठवं राखून ठेवल्यालं असतं. जत्रंत या, ऐकवू."

आतून पुन्हा आवाज आला नाही.

परत येताना डफवाला, म्हणजे आकाराम, अर्ध्या वाटेवर थांबला. त्याला तिथल्या कुणी तंबाखू मळता मळता सांगितलं होतं. वैद्यानं सांगितलं होतं, ताप उतरेपर्यंत पाणी द्यायचं नाही, पाणी दिलंस तर पोरगं हातचं जाईल. पोरगं शेवटची रात्रभर पाणी, पाणी करत होतं. राहीबाई उशाशी बसून होती. तिनं दिलं नाही. पहाटे तो गेला.

"सगळ्या वाडीला ठावं हाय, कोंडीबा," आकाराम म्हणाला. "म्हनून ती गप्प झाली व्हती मानसं."

कोंडीबा वाटेतच खाली बसला.

उद्या जाऊन सांगू, म्हणाला. तिला सांगू की तो अर्थ तसा नव्हता. उद्याचा परवा झाला. जाऊन सांगायचं म्हणजे आठवं कडवं येत नाही हेही सांगायला हवं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं. मग कळलं, राहीबाईनं स्टेशनच्या वाटेवर, फाट्यावरच्या चिंचेखाली पाणपोई घातली. रांजण पुरला, त्याला तीन दगडांचा आधार दिला. दिवसभर उन्हात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देते. स्वतः मात्र दिवस मावळेपर्यंत घोट घेत नाही, आणि मावळल्यावर एकच घेते. आमच्या गावची गाडी दिसली की गाडीवानाला विचारते, "कोंडीबादादाला निरोप सांगता का? म्हनावं, आठवं कडवं तेवढं धाडा."

निरोप येत राहिले. कोंडीबा म्हणायचा, बघू. फाट्यावरून जायचं त्यानं सोडलं. नदीकडच्या लांबच्या वाटेनं जाऊ-येऊ लागला.

त्याच वर्षी वैशाखात एका दुपारी राहीबाई रांजणाला टेकून बसली होती. एक गाडीवान पाणी मागायला गेला. दोनदा हाक मारली. ती गेलेली होती. ओठ चिरलेले. रांजण काठोकाठ भरलेला.

लालासाहेबांनी रांजण उकरून काढला आणि नदीत सोडून दिला. पाणपोई मोडली.

*

तर त्या मंगळवारी, सांगलीहून परत यायच्या गाडीला उशीर झाला. लढाईचे दिवस, गाड्या कधी वेळेवर नसतच. रहिमतपूरच्या स्टेशनावर कोंडीबा उतरला तेव्हा पावणेदहा झाले होते. गावच्या गाड्या निघून गेलेल्या. वद्य पंचमी, चंद्र अजून उगवायचा होता. नदीकडच्या वाटेनं गेला असता तर पहाटच झाली असती, आणि पहाटे विहिरीवर त्याच्या मोटेची पाळी होती. पाळी चुकली की पाणी चार दिवसांनी. ऊस वाळत होता.

तो फाट्याच्या वाटेला लागला.

भीती वाटत होती का? तो म्हणायचा, नाही. नुसतं जड वाटत होतं. बगलेत डफ, पायाखाली फुफाटा, आणि डोळ्यांपुढं ते कोरं पान. सकाळपासून पोटात चहासुद्धा गेला नव्हता. घसा कोरडा पडला होता. मैलभर चालल्यावर जीभ टाळ्याला चिकटायला लागली. रस्त्यात ओढा होता, तो आटलेला. त्यानं वाळूत हातभर उकरून बघितलं. वाळू गरमच.

चंद्र उगवायला आला होता. पूर्वेला थोडं पिवळं झालं होतं. चिंच लांबूनच दिसली. आपण खाली बघून जाऊ, असं त्यानं ठरवलं.

तेवढ्यात आवाज आला.

तांब्या पाण्यात बुडाल्याचा. डुबुक.

"पानी घ्या, दादा."

कुणीतरी बाई होती. चिंचेखाली, सावलीत, पाठमोरी. डोक्यावरून पदर. उन्हाळ्याच्या दिवसांत कुणीतरी पुन्हा पाणपोई घातली असेल, एवढंच त्याच्या मनात आलं. तहान अशी होती की पुढचं सुचलंच नाही. त्यानं डफ खाली ठेवला, वाकला, ओंजळ तोंडाशी धरली. वरून पाण्याची धार आली. गार. हिवाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यासारखी गार. तो पीत राहिला. एक तांब्या. दुसरा.

दुसऱ्याच्या अर्ध्यात त्याला आठवलं.

रांजण नदीत सोडला होता.

पाणी घशातच थांबलं. ओंजळ तशीच राहिली. वरून धार पडत होती, बोटांतून गळत होती. त्याला मान वर करवेना.

"आनिक देऊ?"

"न्हाई... न्हाई. बास."

धार थांबली.

"कोन गाव म्हनायचं, दादा?"

त्यानं गाव सांगितलं. का सांगितलं, त्याला नंतरही कळलं नाही. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"मंग तुमच्या गावात कोंडीबादादा हायती न्हवं? गानं म्हनत्यात ते?"

कोंडीबानं ओले हात धोतराला पुसले.

"त्यास्नी एक निरोप सांगाल? म्हनावं, राहीनं इचारलंय. आठवं कडवं धाडा." थोडं थांबून ती म्हणाली, "लय दिस झालं. गाडीवाले इसरत आसत्याल. तुमी चांगलं दिसताय. तुमी सांगाल."

तिनं ओळखलं नव्हतं. कोंडीबाच्या तोंडातून शब्द गेला, "सांगतो."

"बरं हुईल बगा."

त्यानं डफ उचलला. चालू लागला. मागं बघायचं नाही. एक पाऊल. दुसरं. मागून काही आवाज नव्हता. कुणी येत नव्हतं. बोलावत नव्हतं. घर दोन मैल. 'सांगतो' म्हटलं, झालं. आता गेलं तरी चालेल. दहा पावलं. पंधरा.

तो उभा राहिला.

इतके दिवस निरोप येत होते. आजही तो निरोपच घेऊन निघाला होता. स्वतःकडेच.

तात्या इथं थांबले होते. जाळ खाली बसला होता, तरी लाकूड कुणी सारलं नाही.

कोंडीबा मागं फिरला. पाय उचलत नव्हते, तो म्हणायचा, ओढत नेले. चंद्र वर आला होता. चिंचेच्या पाल्यातून थोडा उजेड खाली पडला होता. ती तशीच होती. पाठमोरी.

"आक्का," तो म्हणाला. "मीच कोंडीबा."

पान हललं नाही.

"आठवं कडवं... न्हाई. वस्तादानं ते केलंच न्हाई. आज सांगलीला जाऊन बाड बघून आलो. नुसता आकडा हाय. फुडं कोरं हाय."

त्यानं डफ खाली ठेवला.

"मला आधीपासनं येत नव्हतं. येतंय असं दावलं. दारात बसून तुमास्नी खोटं बोललो."

मग अगदी हळू आवाज आला.

"सुटका न्हाईच म्हना की मंग."

"तसं न्हाई, आक्का! ऐका." कोंडीबा मटकन खाली बसला. "ते 'पोटचा असो' पदात न्हाई. 'कारणं चालत न्हाईत' तेबी पदात न्हाई. ते मी घातलं. समोर ते दोघं बसले व्हते, त्यांच्यावर छाप पडावी म्हनून घातलं. तुमच्या जोतीरामाचं मला कायबी ठावं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

"तुमी... घातलं?"

"व्हय."

"मंग पदात काय हाय?"

"एवढंच हाय. तो उभा काठ धरून. बास. का उभा ऱ्हायला, किती दिस उभा ऱ्हायला, कायबी लिवल्यालं न्हाई."

कोंडीबाला वाटलं, आता ती वळेल. आता तोंड दिसेल. त्यानं डोळे गच्च मिटले.

"मी तांब्या पदराखाली धरला व्हता," ती म्हणाली. आवाज तिथूनच येत होता, पण लांब गेल्यासारखा. "त्याला दिसू नये म्हनून. भरल्याला व्हता. त्यो म्हनायचा, आये, एक घोट. एकच. मी म्हनायची, सकाळी देते, बाळा... सकाळी..."

पुढचं ऐकू आलं नाही.

"मला वाटलं, वाचंल."

कोंडीबा रडत होता. तो गाणारा माणूस, दुसऱ्यांना रडवणारा. त्यानं अंधारात हात पुढं केला. रांजणाचा काठ हाताला लागला. गार. ओला. तांब्या लागला. त्यानं तो बुडवला.

"वंजळ करा, आक्का."

"न्हाई येत, दादा. जवळ दिसतं... आन हात घातला की मागं जातं."

"ते मी म्हनालो व्हतो. पदात न्हाई ते." त्यानं तांब्या पुढं धरला. "करा वंजळ."

पदर हलला. पुढं दोन हात आले. नुसते हात. काळसर, वाळलेले, भाकरी थापणाऱ्या बाईचे असतात तसे. ओंजळ जुळली.

त्यानं तांब्या वाकवला.

पाणी पडलं.

आवाज नाही.

मातीवर पडल्याचा नाही. हातावर पडल्याचा नाही. पाणी जात होतं... कुठं जात होतं? त्यानं दुसरा तांब्या भरला. तिसरा. चौथा. मोजणं सुटलं. हात भरून आला. तो ओतत राहिला. आवाज नाही... आवाज नाही...

मग तांब्या तळाला घासला. खर्रर.

रांजण कोरडा झाला होता.

कोंडीबानं वर बघितलं. चंद्र पानांच्या वर आला होता. चिंचेखाली तीन दगड होते. त्याचा हात हवेतच होता. हातात काही नव्हतं.

*

मोटेची पाळी चुकली. कोंडीबा पहाटेपर्यंत त्या दगडांशेजारी बसून राहिला. दिसायला लागल्यावर तो घराकडं न जाता खालच्या वाडीला गेला. लालासाहेबांच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगायचं, मारलं तर मार खायचा, असं ठरवून गेला.

लालासाहेब ओट्यावर उभे होते. तोंड धुतलेलं नव्हतं. कोंडीबाला बघून त्यांना नवल वाटलं नाही, राग आला नाही. त्यांचं लक्षच नव्हतं.

"तोंड धुवायला पानी न्हाई बग घरात," ते म्हणाले. "सांजच्याला धाकट्या सूनबाईनं चार घागरी भरून उतरंडीशेजारी ठेवल्या व्हत्या. मी डोळ्यांनी बघितल्या. दाराला आतनं कडी व्हती."

कोंडीबा आत गेला. चार घागरी ओळीनं मांडलेल्या. चारींवर झाकण्या जिथल्या तिथं. त्यानं एकेक झाकणी उचलली. आत हात घातला.

कोरड्या. तळापर्यंत कोरड्या.

शेणानं सारवलेली जमीन त्यानं तळव्यानं चाचपली. कुठं ओल नव्हती.

*

तात्या थांबले. काहिलीतून हळदीचा वास येत होता. मग नाथाजीनं हळूच विचारलं.

"मंग... ती सुटली का, तात्या? का कसं?"

तात्या उठले. गोणपाट उचलून त्यांनी हळदीत काडी खुपसून बघितली.

"मी डफ वाजवनारा हाय, नाथ्या," ते म्हणाले. "अर्थ सांगत न्हाई."

सकाळी काहील उतरवल्यावर सगळे झोपायला गेले. मी गेलो नाही. मी फाट्यापर्यंत चालत गेलो. चिंच आहे. तीन दगड आहेत. त्यांवर चुलीसारखं काळं काही नाही, शेंदूर नाही, नुसते दगड आहेत. मी तिथं उभा राहिलो. काहीतरी म्हणावं असं वाटत होतं, पण मला म्हणायला काही येत नाही. स्टेशनाकडून एक बैलगाडी आली. गाडीवानानं बैल थांबवले आणि विचारलं, "काय रं पोरा, कुनाची वाट बगतोस?" मी म्हणालो, "कुनाची न्हाई." त्यानं बैल हाकले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी थांबलो, आणि मग मळ्यात परत गेलो.